बालकामगारांवरच्या कविता शिकवा, पण कायद्याचा कागद शेजारी ठेवून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी १२ जून जवळ आला की शाळांच्या व्हॉट्सअॅप गटांवर जागतिक बालकामगारविरोधी दिनाच्या सूचना फिरू लागतात. घोषवाक्य स्पर्धा, चित्रकला स्पर्धा, स्वरचित काव्यस्पर्धा. पुण्यातल्या बहुतेक शाळा उघडतात त्या जूनच्या मध्यावर, म्हणजे तो दिवस उलटून गेल्यावर. मग पुस्तके, गणवेश आणि प्रवेशाच्या गडबडीत मुलांकडून दोन दिवसांत चार कडवी लिहून घ्यायची आणि फोटो वर पाठवायचे. या कवितांत 'शाळा'ला 'फळा' जुळतो, 'हात'ला 'भात' जुळतो आणि शेवटी सगळे मिळून शपथ घेतात. अलीकडे तर मोबाइलला सांगितले की कडवी आयती मिळतात. कारखान्यांच्या इतिहासातली ही मुले कोण होती, नेमके काय काम करत, त्यांना कामावर ठेवणे मालकाला का परवडत होते, यातले काहीच त्या कडव्यांत नसते.

कवितेने हा विषय शिकवू नये, असे आम्हाला म्हणायचे नाही. इतिहास आणि मराठी या दोन्ही तासांना पुरेल असे याहून चांगले साधन मिळणे अवघड आहे. आमचे म्हणणे एवढेच की लिहायला लावण्याआधी मुलांना वाचायला द्या, आणि प्रत्येक कवितेच्या शेजारी त्याच काळातला एखादा कायदा, साक्ष किंवा मोजमाप ठेवा. नुसत्या कवितेवर मुले हळहळतात आणि पुढच्या तासाला गणिताची वही काढतात. हे वर्गात कसे करता येते, कुठे फसते आणि का, ते सविस्तर लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, जागा द्यावी ही विनंती.

सुरुवात विल्यम ब्लेकच्या, धुराडी साफ करणाऱ्या मुलांवरच्या दोन कवितांनी करावी. एक १७८९ ची, २४ ओळींची. दुसरी १७९४ ची, १२ ओळींची. दोन्हींचे नाव एकच आहे. मराठी माध्यमाच्या वर्गात मूळ इंग्रजी कविता फळ्यावर उतरवून शब्दार्थ देत बसलो तर ३५ मिनिटांची तासिका त्यातच संपते. शिक्षकाने दोन्ही कवितांचा साधा मराठी गद्य अनुवाद एका ए-फोर कागदावर पाठपोट छापावा. एका बाकाला एक कागद पुरतो, आणि दोघांत एक असला की मुले आपापसात बोलतात. इंग्रजीतल्या पहिल्या चार ओळी शिक्षकाने एकदा मोठ्याने वाचाव्यात, त्याही केवळ चाल कानावर पडावी म्हणून. पहिल्या कवितेची चाल बालगीताची आहे. त्या चालीत सांगितले जाते ते असे: आई लहानपणीच गेली, धड बोलताही येत नव्हते तेव्हा बापाने विकले, आता मी तुमची धुराडी झाडतो आणि काजळीत झोपतो. टॉम डेकर नावाच्या नव्या मुलाचे कुरळे केस भादरले जातात तेव्हा तो रडतो. सांगणारा मुलगा त्याची समजूत घालतो, बरेच झाले, आता काजळीने केस खराब व्हायचे नाहीत. रात्री टॉमला स्वप्न पडते. हजारो मुले काळ्या शवपेट्यांत बंद आहेत, देवदूत चकाकती किल्ली घेऊन येतो, सगळ्यांना सोडवतो, मुले नदीत न्हाऊन उन्हात बागडतात. मग अंधारातच जाग येते आणि पिशव्या, ब्रश घेऊन पोरे कामाला निघतात. शेवटची ओळ म्हणते, सगळ्यांनी आपापले कर्तव्य केले तर कुणाचे वाईट व्हायचे नाही.

पहिला खड्डा इथे आहे. 'या कवितेतून काय बोध मिळतो?' हा प्रश्न आपल्या मुलांच्या हाडीमाशी खिळलेला आहे. ती लगेच लिहून मोकळी होतात, 'आपण आपले कर्तव्य करावे.' दोष मुलांचा नाही. शेवटची ओळ म्हणजे तात्पर्य, हे आपणच त्यांना पहिलीपासून शिकवले आहे. म्हणून बोध विचारूच नये. विचारावे ते असे: ही ओळ कोण म्हणतो आहे, आणि त्याला ती कुणी शिकवली असेल? मालकाने, चर्चने, देवदूताने, की मन रमवायला त्याची त्यानेच? चारही उत्तरे फळ्यावर लिहावीत आणि निकाल न देता कागद उलटायला सांगावा.

दुसऱ्या कवितेत बर्फात एक काळा ठिपका दिसतो, तो मुलगा आहे. आईबाप कुठे, असे विचारल्यावर तो सांगतो की दोघे चर्चमध्ये प्रार्थनेला गेलेत. मी हसतो, नाचतो, गातो, म्हणून त्यांना वाटते की आपण याचे काही वाईट केलेले नाही. देव, धर्मगुरू आणि राजा यांची स्तुती करायला ते गेलेत, आणि या तिघांनी आमच्या दुःखातून आपला स्वर्ग उभा केला आहे. एवढे वाचून झाल्यावर फळ्यावरच्या चार उत्तरांकडे परत जावे. या दोन कविता एकाच दिवशी वाचायला हव्यात, त्यासाठी जोडतासिका मागून घ्यावी. पहिली आज आणि दुसरी उद्या असे केले तर रात्रभरात 'कर्तव्य' मुलांच्या डोक्यात लोणच्यासारखे मुरते.

मग तिसरा कागद, १७८८ चा ब्रिटिश कायदा. आठ वर्षांखालच्या मुलाला या कामावर शिकाऊ म्हणून घ्यायचे नाही, असे त्यात आहे. म्हणजे पहिली कविता छापली गेली त्याच्या आदल्याच वर्षी कायदा होऊन बसला होता. मुले इथे चक्रावतात, कारण त्यांच्या मनातला क्रम पक्का असतो: आधी अन्याय, मग कवी, मग कायदा, मग सगळे सुखी. तो क्रम मोडायला दोन मीटर सुतळी पुरते. एका वर्षाला दोन सेंटिमीटर धरायचे. १७८८ ते १८७५ ही ८७ वर्षे म्हणजे १७४ सेंटिमीटर. १७८८, १८३४, १८४०, १८६४ आणि १८७५ या कायद्यांच्या सालांवर गाठी मारायच्या आणि दोन कवितांच्या जागी रंगीत चिंध्या बांधायच्या. दोन्ही चिंध्या पहिल्या वीतभरात येतात. पुढे दीड मीटरहून जास्त सुतळी शिल्लक राहते, आणि त्या सगळ्या काळात मुले धुराड्यांत चढतच होती. १८४० च्या कायद्याने २१ वर्षांखालच्या कुणालाही धुराड्यात चढवायला मनाई केली. तरी १८७५ मध्ये केंब्रिजजवळ फुलबोर्न इथल्या रुग्णालयाचे धुराडे साफ करताना जॉर्ज ब्रूस्टर नावाचा मुलगा आत अडकून मेला. त्याच वर्षीच्या कायद्याने या धंद्याला पोलिसांचा परवाना सक्तीचा केला आणि अंमलबजावणीही पोलिसांवर सोपवली. १८४० च्या कायद्यात काय कमी होते, हा प्रश्न मुलांवर सोडावा. तपासणारा माणूसच नव्हता, इथपर्यंत ती आपली आपण येतात. पुढची पायरी शिक्षकाने द्यावी. लांब दांड्याचे ब्रश एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून उपलब्ध होते, पण वाकडीतिकडी धुराडी सरळ करून घ्यायचा खर्च घरमालकांना नको होता. त्यापेक्षा मुलगा स्वस्त पडत होता.

धुराड्याचे मापही दाखवावे. आतली पोकळी बऱ्याचदा १४ इंच बाय ९ इंच असे, म्हणजे सुमारे ३६ बाय २३ सेंटिमीटर. काही याहून अरुंद. फरशीवर खडूने तेवढा आयत काढून मुलांना त्यात उभे करावे. आठवीच्या मुलाचे खांदे सहसा रेषेबाहेर जातात. एक हात डोक्यावर ताणून अंग तिरके केले की कसेबसे मावते, आणि ती मुले तसेच चढत. इथे थांबावे. उत्साहाच्या भरात मुलांना बाकाखाली किंवा कपाटात कोंबून 'अनुभव' देण्याचे प्रयोग करू नयेत. कुणाला दमा असतो, कुणाला बंद जागेची धास्ती असते, आणि बाकीचे खिदळू लागले की सगळा तास वाया जातो. या कामामुळे होणाऱ्या कातडीच्या कर्करोगाची नोंद पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७५ मध्येच केली होती. म्हणजे काजळी घातक आहे हे सुतळीच्या पहिल्या गाठीच्याही आधी माहीत होते.

खाणी आणि गिरण्यांसाठी एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगची, मुलांच्या आक्रोशावरची १८४३ ची कविता सगळीकडे सुचवली जाते. ती लांब आहे, पूर्ण देऊ नये. चाके दिवसभर फिरत राहतात, मुले त्यांना विनवतात की आजचा दिवस तरी थांबा, तो भाग तेवढा घ्यावा. तो वाचताना शिक्षकाने डस्टरने टेबलावर एकसारखा ठेका धरावा आणि मुलांनी त्या ठेक्यावर वाचावे. मग ठेका हळूहळू वाढवावा. दोन-तीन मिनिटांत जिभा अडखळू लागतात. शेतात किंवा घरच्या मागावर काम करणारे मूल दमले की हात थोडा सैल सोडू शकत होते. गिरणीत वेग यंत्र ठरवत होते. हा फरक व्याख्यान देऊन समजत नाही, ठेक्याने समजतो.

या कवितेबद्दल एक चुकीची समजूत मात्र आवरायला हवी. 'या कवितेमुळे कायदा झाला' असे वाक्य भाषणांत हमखास येते. बाईंनी स्वतः खाणी पाहून ही कविता लिहिली नव्हती. बालकामगारांच्या चौकशी आयोगाचे अहवाल वाचून त्यांनी ती लिहिली, आणि त्यांचे स्नेही आर. एच. हॉर्न त्या आयोगाच्या कामावर होते. खाणींचा कायदा, म्हणजे स्त्रिया, मुली आणि दहा वर्षांखालचे मुलगे यांना जमिनीखाली कामाला मनाई करणारा, १८४२ मध्येच झाला होता. कविता त्यानंतर वर्षाने आली. सुतळीवर ही दोन सालेही दाखवता येतील.

खरा ऐवज आहे तो त्या १८४२ च्या अहवालातल्या साक्षींमध्ये. यॉर्कशरमधल्या गॉबर खाणीतली सेरा गुडर ही आठ वर्षांची मुलगी आयोगाच्या माणसाला काय सांगते, त्याचा मथितार्थ असा: मी दारावर असते. काम दमवणारे नाही, पण दिव्याशिवाय बसावे लागते आणि भीती वाटते. पहाटे चारला जाते, कधी साडेतीनला. संध्याकाळी पाच-साडेपाचला बाहेर येते. कधीच झोपत नाही. उजेड असला तर कधी गाते, अंधारात गायची छाती होत नाही. खाणीपेक्षा शाळेत असते तर फार आवडले असते.

वाचायला देण्याआधी दार कसले ते समजावून सांगावे, नाहीतर मुलांना घराचे दार वाटते. खाणीत हवा ठरावीक वाटेनेच खेळती ठेवावी लागते. त्यासाठी बोगद्यांत लाकडी दारे असत. कोळशाची गाडी आली की मुलाने दोरी ओढून दार उघडायचे आणि गाडी गेली की ते बंद होऊ द्यायचे. दार उघडे राहिले तर हवेची वाट बदलते, कोंडलेला वायू साचतो आणि उघड्या ज्योतीने स्फोट होतो. एवढ्या जबाबदारीवर आठ वर्षांचे मूल का बसवत? कारण कामात ताकद लागत नव्हती आणि मोठ्या माणसाची मजुरी देण्याची मालकाची तयारी नव्हती.

या साक्षीतून कविता करून घेण्याची रीत अशी. साक्षीचा मराठी मजकूर शंभर-सव्वाशे शब्दांच्या आत ठेवावा. पहिली पाच मिनिटे नुसते वाचन. पुढच्या सात मिनिटांत प्रत्येक जोडीने जास्तीत जास्त २५ शब्द पेन्सिलीने अधोरेखित करायचे. मग त्याच शब्दांच्या सहा ते आठ ओळी मांडायच्या. नियम दोनच: बाहेरचा एकही शब्द आणायचा नाही, आणि क्रम बदलला तरी अर्थ बदलायचा नाही. शब्द दोनदा वापरायला हरकत नाही. एखाद्या जोडीकडून असे काही येऊ शकते:

पहाटे चारला.
कधी साडेतीनला.
दारावर असते.
दिव्याशिवाय.
कधीच झोपत नाही.
उजेड असला तर गाते.
अंधारात
नाही.

फसते कुठे? मुलांचा हात विशेषणाकडे जातो. 'बिचारी', 'चिमुकली', 'निष्पाप', 'कोवळे हात'. हे शब्द साक्षीत नाहीत, म्हणून नियमाने बाद. कुरकुर होते, ती होऊ द्यावी. यमकही बहुधा जमत नाही आणि ते न जमणेच बरे, कारण यमक शोधता शोधता 'साडेतीन'चे 'दीन' होते. दुसरी अडचण शिक्षकांची. कविता 'कमी पडली' असे वाटून ते स्वतः एखादी भावपूर्ण ओळ सुचवतात. तो मोह टाळावा. तिसरी गोष्ट हुशार मुलांसाठी राखून ठेवावी: साक्ष सलग छापलेली दिसते, पण ती विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आहे आणि प्रश्न गाळलेले आहेत. मुलीला गाण्याबद्दल कुणी विचारले असेल? 'गातेस का?' असे विचारणाऱ्या माणसाच्या मनात काय असेल? मुलांनी समासात ते गाळलेले प्रश्न लिहून काढावेत. साधने तपासून घ्यायची असतात हे आठवीच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात येते, पण हाताने करून बघायची संधी इथे मिळते.

ज्या शाळेत वेळच नाही तिथे सारा क्लेगहॉर्न या अमेरिकन कवयित्रीच्या चार ओळी घ्याव्यात, १९१५ च्या सुमाराच्या. दहा मिनिटांत होतात. मराठीत साधारण अशा:

गोल्फचं मैदान गिरणीला इतकं लागून
की जवळजवळ रोज
कामावरची मुलं खिडकीतून बघतात
खेळणारे पुरुष.

शेवटची ओळ कागदाने झाकून पहिल्या तीन फळ्यावर लिहायच्या आणि मुलांना काय दिसत असेल ते विचारायचे. बहुतेक उत्तरे येतात: खेळणारी मुले. मग कागद काढायचा. त्यावर भाष्य करू नये, पाच सेकंद गप्प राहावे. गोल्फ ठाऊक नसेल तर येरवड्याच्या मैदानाचा उल्लेख पुरतो. लुईस हाइन यांनी त्याच काळात अमेरिकेतल्या गिरण्या-खाणींतल्या मुलांची छायाचित्रे काढली आणि नाव, वय, उंची अशा नोंदी ठेवल्या. त्यातले एखादे सोबत लावता येते. पण आजच्या वीटभट्टीवरच्या किंवा सिग्नलवरच्या मुलांचे फोटो मुलांकडून काढून घेऊ नयेत, तक्त्यावर तर मुळीच लावू नयेत.

आता आपल्याकडचे. इथे बरेच तक्ते इंग्लंडमधून थेट आजच्या चहाच्या टपरीवर उडी मारतात आणि मधला मुंबईचा शंभर वर्षांचा इतिहास गळतो. मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली. हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्यात सात वर्षांखालच्या मुलांना मनाई आणि सात ते बारा वयाला दिवसाला नऊ तास, तेही यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांपुरते. १८९१ मध्ये किमान वय नऊ झाले, नऊ ते चौदा वयाला सात तास. १९२२ मध्ये किमान वय बारा. मुलांनी फळ्यावर हे आकडे ब्रिटनच्या १८३३ च्या कायद्याशेजारी मांडावेत. तिथे कापड गिरण्यांत किमान वय १८३३ मध्येच नऊ होते. ४८ वर्षांनी त्याच राज्यकर्त्यांनी इथे सात ठरवले. एवढी वजाबाकी केली की 'इंग्रजांनी सुधारणा आणल्या' आणि 'इंग्रजांनी फक्त लुटले' ही दोन्ही पाठ वाक्ये अपुरी पडतात.

गुंता आणखी आहे आणि तो लपवू नये. हिंदुस्थानातल्या १८८१ च्या कायद्यासाठी इंग्लंडमधल्या लँकेशरच्या गिरणी मालकांनी जोर लावला होता, कारण मुंबईचे स्वस्त कापड त्यांना खुपत होते. त्यामुळे राष्ट्रीय बाण्याच्या अनेक वृत्तपत्रांनी, पुण्यातल्यांसह, कायद्याला विरोध केला. कामगारांच्या बाजूने बोलत होते ते नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांचे 'दीनबंधु' हे वृत्तपत्र. लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले कार्यकर्ते. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन मागण्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला, आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज मुले ज्या रविवारी लोळत पडतात तो कुठून आला, हे सांगायला कविता लागत नाही.

फुल्यांचा एक कागद पुण्यातल्या वर्गात असलाच पाहिजे. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. आदल्याच वर्षीचा कायदा सात वर्षांच्या मुलाला गिरणीत नऊ तास द्यायला तयार होता. हे दोन कागद शेजारी ठेवले की शाळा आणि गिरणी एकाच मुलासाठी कशा भांडत होत्या ते दिसते.

मराठी कविता कोणती घ्यावी, हे सहकारी नेहमी विचारतात. केशवसुतांची 'मजुरावर उपासमारीची पाळी' ही १८८९ ची, म्हणजे बरोबर याच काळातली. त्यात मूल मजूर नाही, बाप बेकार आहे. म्हणूनच ती उपयोगी आहे: बापाला काम नसले की घरातून कामावर कोण जाते, हा प्रश्न तिच्यापुढे विचारता येतो. नारायण सुर्व्यांची 'माझे विद्यापीठ' वरच्या वर्गांना द्यावी. सुर्वे स्वतः लहानपणापासून गिरणगावात मिळेल ते काम करत वाढले. ब्राउनिंगबाईंनी वाचून लिहिले, सुर्व्यांनी जगून लिहिले, हा फरक मुले चटकन पकडतात. मात्र सुर्व्यांची कविता १८८१ च्या कायद्याचे उदाहरण म्हणून देऊ नये. त्यांचा जन्म १९२६ चा, त्यांचे बालपण दोन महायुद्धांमधल्या मुंबईतले. सुतळीवर त्यांची चिंधी वेगळ्या जागी बांधावी लागते, आणि तोवर सुतळीही वाढवावी लागते.

मुलींचे काम यातल्या बहुतेक कवितांत दिसत नाही, कारण ते कारखान्याच्या दाराबाहेर, घरातच चालते. त्यासाठी जात्यावरच्या ओव्या आहेत. पुण्यातून हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांनी मुळशी-मावळापासून जमवलेला ओव्यांचा मोठा संग्रह आज इंटरनेटवर ऐकता येतो. बायकांनी स्वतःच्या कष्टांवर स्वतः रचलेले एवढे काव्य हाताशी असताना ते न वापरणे करंटेपणाचे आहे. ओवीचा साचाही मुलांना पेलतो. विळी, पाणी, धाकटे भावंड, विड्या वळणे असा एकच तपशील एका ओवीत, एवढीच अट घालावी.

एक काळजी मात्र आधीच घ्यायला हवी. 'तुमच्यापैकी कोण कोण काम करतं?' हा प्रश्न वर्गात विचारू नये. पहाटे पेपर टाकणारा, संध्याकाळी वडिलांच्या गाडीवर भजी तळणारा, आईबरोबर धुणीभांडी करणारी मुले पुण्याच्या बहुतेक वर्गांत असतात, आणि ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातले मूल मधूनच चार महिने गायब होते. त्यांना उभे करून नमुना बनवणे क्रूरपणा आहे. वही तपासताना एखाद्या ओळीत मुलाने स्वतःचेच काम लिहिल्याचे दिसले तर ती कविता वाचून दाखवायची नाही, भिंतीवर लावायची नाही. वर्गशिक्षकाने बाजूला बोलावे. मूल १४ वर्षांखालचे असेल आणि काम घरचे, शाळेनंतरचे असेल तर २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने ते चालते. धोकादायक काम असेल किंवा दुसऱ्याकडे मजुरी असेल तर चालत नाही. मारहाण किंवा कोंडून ठेवण्याचा संशय आला तर मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८ हा क्रमांक आहे. ही सवलत मुळात असावी की नाही, यावर नववी-दहावीच्या वर्गात वाद घालावा. रात्रशाळेत तर याच वादाने सुरुवात करावी. तिथले विद्यार्थी ब्लेकच्या त्या 'कर्तव्या'वर दिवसा शाळेत येणाऱ्या मुलांपेक्षा फार वेगळे बोलतात.

परीक्षेचे काय, हा प्रश्न येणारच. रसग्रहणाच्या साच्यातला प्रश्न घातला की सगळी मेहनत 'कवितेतील करुण रस हृदयाला भिडतो' या एका वाक्यात बुडते. त्याऐवजी पाच गुणांचा एक प्रश्न असा घालावा: कवितेत आहे पण कायद्यात नाही अशी एक गोष्ट आणि कायद्यात आहे पण कवितेत नाही अशी एक गोष्ट लिहा, दोन्हींचे कारण द्या. प्रत्येक गोष्टीला एक गुण, प्रत्येक कारणाला एक, आणि उरलेला एक गुण साल किंवा वय अचूक दिल्याबद्दल. हळहळीला गुण नाहीत, हे आधीच सांगून टाकावे.

या सगळ्याला चार तासिका लागतात: ब्लेक आणि १७८८ च्या कायद्यासाठी जोडतासिका, साक्षीसाठी एक, मुंबई आणि फुल्यांसाठी एक. सुर्वे आणि ओव्या मराठीच्या तासात जातात. वर्षभरात कुठेही घ्या, पण शाळा उघडल्यानंतरचा पहिला आठवडा सोडून. आठवीला औद्योगिक क्रांतीचा भाग येतो तेव्हाच घेतले तर वेगळा वेळ काढावा लागत नाही, आणि इतिहास-मराठीच्या शिक्षकांनी आठवड्याच्या वेळापत्रकात एकमेकांशेजारच्या दोन तासिका अदलाबदल करून घेतल्या की मुख्याध्यापकांच्या परवानगीपलीकडे काही लागत नाही.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. विद्यार्थ्यांच्या पानावर १२ जूनला घोषवाक्ये आणि शपथा छापण्याऐवजी जुन्या साक्षींचे आणि कायद्यांतल्या मोजक्या कलमांचे मराठी अनुवाद छापावेत, शक्यतो कापून बाकावर ठेवता येतील अशा अर्ध्या पानाच्या आकारात आणि चौदा पॉइंटच्या टायपात. साठ मुलांच्या वर्गाला तीस प्रती लागतात, आणि झेरॉक्सचे पैसे आज बहुतेक शाळांत शिक्षकाच्या खिशातूनच जातात.

आपले,
माध्यमिक शाळांत इतिहास व मराठी शिकवणारे काही शिक्षक,
पुणे